मधुगिरीवर ‘निधान’

बंगळुरूला येऊन राहिलेल्या मराठी माणसाला पहिल्या पावसाळ्यातच सह्याद्रीची आठवण होते. इथली हवा छान, झाडे भरपूर, पण डोळ्यांना सवय असते ती कड्यांची, सोंडांची आणि करवंदीच्या जाळ्यांची. ते इथे नाही. शहर मागे टाकून उत्तरेला किंवा पश्चिमेला तास-दीड तास गेलात, तर मात्र एक वेगळाच प्रकार दिसू लागतो. सपाट, तांबूस, कोरडी जमीन आणि तिच्यातून एकाएकी वर आलेले उघडेबोडके खडक. सावनदुर्ग तसा, शिवगंगा तशी. पण सर्वांत अंगावर येतो तो मधुगिरी.

मधुगिरी हे तुमकूर जिल्ह्यातले तालुक्याचे गाव, बंगळुरूपासून शंभरेक किलोमीटरवर. गावाच्या डोक्यावर एकच एक प्रचंड शिळा उभी आहे. आशियातल्या सर्वांत मोठ्या एकसंध शिळांमध्ये तिचे नाव घेतले जाते. माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ३,९०० फूट, गाव अडीच हजार फुटांवर. म्हणजे चढण तेरा-चौदाशे फुटांचीच. आकडा ऐकून सिंहगड चढलेला माणूस हसेल. पण सिंहगडाला वाट आहे, वळणे आहेत, ताकवाल्या मावश्या आहेत. इथे वरच्या भागात वाट म्हणजे दगडाची उतरती पाठ, तिच्यात कोरलेल्या पाऊलभर खोबणी आणि काही ठिकाणी धरायला लोखंडी कठडा. सावली जवळजवळ नाहीच.

अशा ठिकाणी आम्ही चौघे गेलो. मी, नवरा, अकरा वर्षांची लेक आणि त्रेसष्ट वर्षांच्या सासूबाई.

अकराव्या मजल्यावरची खिडकी

आम्ही राहतो बेळ्ळंदूरला. नवऱ्याची नोकरी संगणक कंपनीत, मी घरी बसून या साप्ताहिकाचे काम करते. बेळ्ळंदूरचे नाव वाचकांनी ऐकले असेल ते तिथल्या तलावामुळे. सुमारे नऊशे एकरांचा हा तलाव. शहराचे सांडपाणी पोटात घेऊन तो इतका फेसाळला, की २०१५ मध्ये त्या फेसाला आग लागली, २०१७ मध्ये काठचा पालापाचोळा आणि कचरा पेटला, २०१८ मध्ये पुन्हा. पाणी जळताना पाहिलेले हे गाव. २०२४ च्या उन्हाळ्यात इथल्या उंच इमारतींना टँकरच्या रांगा लावाव्या लागल्या.

गेल्या वर्षी सासरे गेले आणि सासूबाई साताऱ्याचे घर बंद करून आमच्याकडे आल्या. आल्या म्हणजे आम्ही आणल्या. घरात त्यांना काही कमी नव्हते, पण बोलायला माणूस नव्हते. भाजीवाल्याची भाषा वेगळी, शेजारीण दिल्लीची, सून दिवसभर काम घेऊन बसलेली. बाल्कनीतून काय दिसते, असे कुणी फोनवर विचारले, की त्या म्हणायच्या, “काचा.” आठ महिन्यांत त्या मोजून दहा वेळा खाली उतरल्या असतील.

लेकीला संक्रांतीच्या सुमारास सुट्टी होती आणि तिच्या बाबांनी मधुगिरीचा बेत महिनाभर आधी ठरवला होता. “आई गाडीत बसेल,” तो म्हणाला. सासूबाई तीळ भाजत होत्या. कढईतून नजर न काढता म्हणाल्या, “मला विचारलंस का?”

नवरा गप्प झाला. मग त्याने विचारले. त्या म्हणाल्या, “येते. कुठवर चढायचं ते माझं मी बघीन.”

दोन राण्यांची गोष्ट

पहाटे पावणेचारला निघालो. बंगळुरूत बेळ्ळंदूरहून निघून तुमकूर रस्त्याला लागणे हाच एक प्रवास असतो. पण त्या वेळी रस्ते मोकळे होते. नेलमंगल गेले, दाबसपेट आले. याच दाबसपेटला लागून निजगल नावाचा डोंगरी किल्ला आहे. १७७० मध्ये माधवराव पेशव्यांच्या कर्नाटक स्वारीत मराठी फौजेने तो लढून घेतला. अंधारात किल्ला दिसला नाही, पण गाडीत झोपलेल्या लेकीला मी मुद्दाम उठवून सांगितले, की आपण काही इथे येणारे पहिले मराठी नव्हे.

मधुगिरीची गोष्ट तर त्याहून सांगण्यासारखी. १७६३ मध्ये हैदर अलीने बिदनूर, म्हणजे केळदीच्या नायकांची राजधानी जिंकली. राणी वीरम्माजी आणि तिचा दत्तक मुलगा यांना त्याने कैद करून ठेवले ते मधुगिरीवर. चार वर्षे ती या शिळेवर कैदेत होती. १७६७ मध्ये माधवरावांनी मधुगिरी जिंकला, राणीची आणि मुलाची सुटका केली. पेशवे तेव्हा अवघे बावीस वर्षांचे होते.

याला आणखी एक धागा आहे. १६८९ मध्ये संभाजीराजांच्या हत्येनंतर राजाराम महाराज वेषांतर करून जिंजीकडे निघाले, तेव्हा वाटेत त्यांना आश्रय दिला तो याच केळदीच्या राणी चेन्नम्माजीने. औरंगजेबाची फौज अंगावर येणार हे माहीत असूनही दिला. अठ्ठ्याहत्तर वर्षांनी त्याच घराण्याच्या राणीच्या बेड्या मराठ्यांच्या हातून सुटल्या. पेशव्यांनी स्वारी केली ती काही एवढ्यासाठी नव्हे; कारणे राजकारणाची होती. पण सासूबाईंनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “केलेलं कुठं जात नाही.”

कोरटगेरेच्या पुढे उजाडले. दोन्ही बाजूंना नाचणीची कापून झालेली शेते, चिंचा, बाभळी आणि लांबवर एकापुढे एक उभे दगडांचे डोंगर. रस्ता ओलांडणाऱ्या मेंढरांच्या कळपासाठी गाडी थांबवावी लागली. मागून येणाऱ्या मेंढपाळाच्या खांद्यावर काळी घोंगडी होती. सासूबाईंनी काच खाली केली आणि कळप जाईपर्यंत बाहेर पाहत राहिल्या.

चढण

सव्वासातला पायथ्याची कमान ओलांडली. निघण्याआधी आम्ही तीन गोष्टी ठरवल्या होत्या. सगळ्यांत हळू चालणारा सर्वांत पुढे. कुणालाही एकटे मागे ठेवायचे नाही. आणि अकरा वाजता जिथे असू तिथून परत फिरायचे, माथा दहा पावलांवर असला तरी. जानेवारी असला तरी दुपारी हा दगड तव्यासारखा तापतो आणि खाली उतरायला चढण्याइतकीच शक्ती लागते. चौघांत मिळून सहा लिटर पाणी होते, गुळपोळ्या होत्या आणि मीठ-साखरेची पुडी.

सुरुवातीला चांगल्या बांधलेल्या पायऱ्या आहेत. एकामागून एक दरवाजे लागतात. मूळचा किल्ला इथल्या पाळेगारांचा. पुढे म्हैसूरकरांच्या ताब्यात गेला आणि हैदरने तो भक्कम केला. तट दगडाचा, दगडही त्याच डोंगराचा, त्यामुळे डोंगर कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते ते कळत नाही.

सासूबाई पुढे होत्या. पन्नास पायऱ्या झाल्या की थांबायच्या, दहा श्वास घ्यायच्या, पुन्हा निघायच्या. हा वेग नवऱ्याला मानवत नव्हता. आमच्या घरी प्रत्येक जण आपापल्या वेगाने जगतो. तो लिफ्टमध्येही घड्याळ बघतो, मी जेवताना मजकूर तपासते, लेक दप्तर भरता भरता बूट घालते. पुढच्याचे पाऊल उचलले जाईपर्यंत आपले पाऊल खाली ठेवायचे नाही, हे आम्हाला त्या पायऱ्यांवर नव्यानेच शिकावे लागले. पण तासाभराने एक गंमत लक्षात आली. आमच्या आधी धावत वर गेलेली कॉलेजची मुले एका भिंतीला टेकून धापा टाकत बसली होती आणि आम्ही न थांबता त्यांच्या पुढे गेलो.

एका वळणावर शेळ्या घेऊन आलेली एक बाई भेटली. सासूबाईंच्याच वयाची, अनवाणी. त्यांच्याकडे पाहून हसली आणि हाताने खूण करत म्हणाली, “निधान, अम्मा, निधान.”

“काय म्हणते ही?” सासूबाईंनी विचारले.

लेक शाळेत कानडी शिकते. ती म्हणाली, “आजी, निधान म्हणजे सावकाश.”

“अगंबाई! आपल्याकडं निधान म्हणजे ठेवा,” सासूबाई म्हणाल्या. त्यांनी त्या बाईला गुळपोळी दिली. तिने ती पदरात बांधली आणि कमरेच्या पिशवीतून मूठभर चिंचा काढून यांच्या हातावर ठेवल्या. दोघी पाचेक मिनिटे बोलल्या. एकीचे मराठी, दुसरीचे कानडी. काय बोलल्या कोण जाणे, पण दोघी हसत होत्या.

“माझा गड इथवर”

पावणेनऊला एका दरवाजाशी पोचलो. आत सपाट जागा, तटाची थोडी सावली आणि समोर खरी मधुगिरी. पायऱ्या संपल्या होत्या. वर नुसता करडा दगड, इतका उभा, की माणसे मुंग्यांसारखी चिकटून चाललेली दिसत होती.

सासूबाईंनी चपला काढल्या. कठडा धरून दहा-बारा खोबणी चढल्या. थांबल्या. खाली पाहिले, वर पाहिले, आणि तशाच पाठमोऱ्या, एकेक पाऊल चाचपत खाली आल्या.

“माझा गड इथवर,” म्हणाल्या.

नवऱ्याने समजूत घालायला सुरुवात केली. “आई, अर्ध्याच्या वर आलीस. मी हात धरतो.”

“हात धरून चढवशील रे. उतरताना माझे गुडघे कोण धरणार?”

“मग सगळेच उतरू.”

“माझ्यासाठी कुणी उतरायचं नाही. पोरगी वर जाणार म्हणून महिनाभर सांगत फिरतेय. तिला ने.”

पण ठरलेले ठरलेले होते. एकटे कुणाला ठेवायचे नाही. नवऱ्याने वर पाहिले. या माथ्यासाठी त्याने महिनाभर जिने चढून पाय तयार केले होते. क्षणभर त्याचा चेहरा आमच्या लेकीसारखा झाला. मग त्याने पाठीवरची पिशवी काढून माझ्याकडे दिली आणि आईशेजारी तटाला टेकून बसला. “तुम्ही दोघी जा. अकरा म्हणजे अकरा.”

वयस्कर माणसाला आपण दोनच गोष्टी म्हणतो : “तुम्हाला जमणार नाही,” नाहीतर “जमेल हो, चला.” दोन्हींत निर्णय आपलाच असतो. त्या दिवशी सासूबाईंनी आठ महिन्यांत पहिल्यांदा स्वतःविषयी काही ठरवले आणि आम्हाला ते ऐकून घ्यावे लागले. खरे सांगते, वरचा कडा चढण्यापेक्षा ते सोपे नव्हते.

उघडा दगड

लेक पुढे, मी तिच्या लगेच खाली. अर्ध्या उतारावर कठड्याचा एक तुकडा तुटलेला होता. तिथे तिने खाली पाहिले आणि ती गोठली. “मला खाली जायचंय,” एवढेच म्हणत राहिली. हुंदका आवरत नव्हता.

मागून दोघे-तिघे येत होते. त्यांना पुढे जाऊ दिले. मी तिच्या टाचांखालच्या खोबणीत पाय रोवले, एक हात तिच्या पाठीवर ठेवला आणि म्हटले, “घाई नाही. वर जायचं की खाली, तू सांग. दोन्ही चालेल.” दगड अजून गार होता. वारा वाहत होता. दहा मिनिटे आम्ही तशाच होतो. ती स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होती. कान देऊन ऐकले, तर तेच : “निधान, निधान.” मग तिने डावा पाय उचलला आणि वरच्या खोबणीत ठेवला.

सव्वादहाला माथ्यावर पोचलो. वर पडके तट आहेत, कोठारांसारख्या खोल्या आहेत आणि गोपालकृष्णाचे मोडकळीला आलेले, मूर्तीविना देऊळ. वारा असा, की बोललेले उडून जावे. लेकीने चारी दिशांना पाहिले आणि विचारले, “आई, हे वाळवंट आहे का?”

वाळवंट नव्हे, पण तिला तसे वाटले यात नवल नव्हते. खाली कोरड्या तळ्यांच्या खुणा, विटकरी शेते आणि त्यांत बेटांसारखे उभे डोंगर. ढग अरबी समुद्रावरून येतात, घाटमाथ्यावर रिते होतात आणि पलीकडे या पट्ट्याच्या वाट्याला उरलेसुरले येते. रत्नागिरीला एकट्या जुलैत पडतो तेवढाही पाऊस इथे अख्ख्या वर्षात पडत नाही. इथून उत्तरेला पावगड तालुका. तो तर सततच्या दुष्काळासाठी आणि भूजलातल्या फ्लोराइडसाठी कुप्रसिद्ध. जे ऊन तिथल्या लोकांना जाळत आले, त्याच उन्हावर आता वीज होते. सुमारे तेरा हजार एकरांवर २,०५० मेगावॉटचा सौरप्रकल्प तिथे २०१९ मध्ये पूर्ण झाला. जमीन विकत न घेता शेतकऱ्यांकडून भाड्याने घेतली, हे त्यातले विशेष. याच मधुगिरी तालुक्यात मैदनहळ्ळीच्या गवताळ माळावर काळविटांचे कळप आहेत. काही उगवत नाही असे वाटणारी जमीनही पुष्कळ काही सांभाळून असते.

वीस मिनिटे थांबून, अकराची वाट न पाहता आम्ही उतरू लागलो.

तटाला टेकून दोन तास

उतरणे चढण्याहून कठीण, हे गड चढणाऱ्या कुणालाही विचारा. बहुतेक उतार आम्ही दगडाकडे तोंड करून, काही तर चक्क बसून सरकत पार केला. दरवाजाशी पोचलो तेव्हा मायलेक तसेच बसले होते. नवऱ्याचे डोळे लाल होते. वारा लागला असेल म्हणून मी काही विचारले नाही.

रात्री त्याने सांगितले. आम्ही वर गेल्यावर सासूबाई बराच वेळ खालचा मुलूख पाहत बसल्या आणि म्हणाल्या, “हे तर आमचं माण.” त्यांचे माहेर सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातले. तोही असाच, घाटाने अडवलेल्या पावसाच्या सावलीत पडलेला. तीच मेंढरे, तीच काळी घोंगडी, तसेच उघडे माळ. मग त्या बोलत गेल्या. १९७२ च्या दुष्काळात त्या नऊ वर्षांच्या होत्या. त्यांची आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची आणि या धाकट्या भावाला कडेवर घेऊन तिच्यासाठी पाण्याची कळशी आणायच्या. कामावर मिळणाऱ्या सुकडीची चव त्यांना अजून आठवते. फोडलेल्या खडीच्या ढिगावर बसून आईने त्यांना पाढे शिकवले होते.

“चाळीस वर्षं झाली मला,” नवरा म्हणाला, “आणि यातलं एक अक्षर मला ठाऊक नव्हतं.”

ठाऊक कसे असणार? दोन तास आईशेजारी नुसते बसण्याची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती.

एक वाजता आम्ही चौघे पायथ्याशी होतो. सहा लिटरपैकी अर्धी बाटली उरली होती. सासूबाईंनी ती चिंचेच्या रोपट्याला घातली. बाटलीभर पाण्याने झाड जगत नाही, हे त्यांच्याइतके कुणाला माहीत असणार? तरी घातली.

एका चढणीने माणूस बदलतो असे मी लिहिणार नाही. सासूबाईंना आजही साताऱ्याची आठवण येते आणि बाल्कनीतून आजही काचाच दिसतात. पण आता त्या संध्याकाळी खाली उतरतात. नाचणीचे पीठ स्वतः पारखून आणतात, भाकरी करतात आणि “बाजरीची सर नाही,” असा शेरा मारतात. भाजीवाला घाईघाईने वजन करू लागला, की त्याला “निधान” म्हणतात. आणि रविवारी सकाळी नवरा त्यांच्याशेजारी बसून असतो. हातात मोबाइल नसतो.

तुम्ही जाणार असाल तर

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. पावसात हा दगड शेवाळतो, तेव्हा मुळीच जाऊ नये. सकाळी सातच्या आत चढायला लागावे. माणशी दीड-दोन लिटर पाणी हवेच. वर काही मिळत नाही. तळ धरणारे बूट असावेत. मधुगिरी म्हणजे मधाचा डोंगर. हे नाव पोळ्यांवरून पडले असे सांगतात. खडकांवरच्या आग्यामोहोळांपासून सावध राहावे : अत्तरे लावू नयेत, धूर करू नये, आरडाओरडा करू नये. किल्ला संरक्षित वास्तू आहे, भिंतींवर नावे कोरू नयेत. गुडघ्याचे, हृदयाचे दुखणे असेल किंवा उंचीचे भय असेल, तर खालच्या दरवाजापर्यंत जाऊन यावे. तेवढ्यानेही दिवस सार्थकी लागतो.

आणि घरातल्या ज्येष्ठांना नेणार असाल, तर कुठवर यायचे ते त्यांना ठरवू द्या. ते जिथे थांबतील, तिथे त्यांच्याजवळ कुणीतरी बसा. माथ्यावर काय आहे ते लेक परत आली की सांगेलच.